सरोजिनीबाईंची दहा बोटं

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. चेन्नईजवळच्या आवडी या गावात सरकारी क्वार्टर्स आहेत, त्यातल्या एका घराच्या माळ्यावर मला उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलंय. शेजारी इडलीचं जुनं भांडं आहे, पण ते काही बोलत नाही. म्हणून तुमच्याशी बोलतो.

माझा जन्म कारखान्यातला. शेकडो भावंडं एकाच दिवशी जन्मली आणि खोक्यांतून वाटेला लागली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. २००३ साली उन्मेषनं मला संगणकाबरोबर घरी आणलं. तो इथल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला, बायको बँकेत. दिवसभर घरात एकटी त्याची आई, सरोजिनीबाई. यजमान गेल्यावर त्या सातारा सोडून इथे आल्या. तमिळ येत नव्हतं, त्यामुळे शेजारणींशी नुसतं हसणं.

बाई साताऱ्याच्या कचेरीत तीस वर्षं मराठी टाइपिस्ट होत्या. म्हणून उन्मेषनं संगणकात टाइपरायटरवरचीच अक्षरांची मांडणी बसवून दिली. माझ्या अंगावरची अक्षरं इंग्रजी, पण बाईंनी ती कधी पाहिलीसुद्धा नाहीत. दहाही बोटं अशी चालायची की माझी दमछाक व्हायची आणि खरं सांगतो, मला त्याचा गर्वही होता. कॅनडातल्या लेकीला, क्षमाला, त्या दर आठवड्याला तीन-चार पानं लिहायच्या. तिचं उत्तर एका ओळीचं यायचं. "आई, मेल मिळाला. छान वाटलं."

फोन माझ्याच टेबलावर असायचा. एकदा क्षमा म्हणाली, "राजसमावशीला माझा नमस्कार कळव हं."

साताऱ्याच्या शेजारीण राजसबाई वारून महिना झाला होता. बाईंनी त्यांच्यावर चार पानं लिहून क्षमाला पाठवली होती.

"तू माझी पत्रं वाचत नाहीस का गं?"

क्षमा रडवेली होऊन म्हणाली, "इथे ती नीट उघडतच नाहीत, आई. नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसतात. तू एवढं लिहितेस, तुला सांगवेना."

जुन्या मांडणीची अक्षरं फक्त आमच्याच संगणकावर नीट दिसायची, म्हणून त्याच रविवारी उन्मेषनं नवी मांडणी बसवली. तिच्यात लिहिलेलं क्षमाकडेही वाचता येणार होतं, पण अक्षरांच्या सगळ्या जागा बदलल्या.

"जुनी काढू नकोस रे," बाई म्हणाल्या.

"राहू दे की. ही दोन बटणं दाबलीस की जुनी, पुन्हा दाबलीस की नवी."

बाईंनी कागदाचे चिटुकले चौकोन कापून त्यांवर अक्षरं लिहिली आणि डिंकानं माझ्या बटणांवर चिकटवली. चष्मा लावून त्या एकेक अक्षर शोधायच्या. तीस वर्षांचा हात एका बोटावर आला. चार पानांची पत्रं तीन ओळींची झाली. "मी बरी आहे. इथे फार उकडतं. जपून राहा." क्षमाला ती वाचता आली, आणि ती खूश झाली.

दुपारी जेवण झालं की मात्र बाई ती दोन बटणं दाबायच्या आणि जुन्या मांडणीत भरभर लिहायच्या. क्षमालाच. दिवसभर मराठीत बोलायला कोणी नसतं गं, स्वतःचा आवाज विसरायला होतो, एकदा येऊन जा. ही पत्रं त्यांनी कधीच पाठवली नाहीत. मला एकट्याला ते ठाऊक आहे.

२००८ साली नवा संगणक आला, त्याच्याबरोबर नवा कीबोर्डही.

"यातही जुनी मांडणी घालशील ना?" बाईंनी विचारलं.

"आता कशाला, आई? तुझा हात बसलाय की नवीवर."

बाई बरं म्हणाल्या आणि मी माळ्यावर आलो.

मित्रांनो, नवं जरूर शिका. माझा त्याच्यावर राग नाही, त्यानंच तर आईचं पत्र लेकीला वाचता आलं. पण जुनं काढताना, ज्याचा हात त्यावर बसलाय त्याला आधी विचारा आणि तो खरं सांगेपर्यंत थांबा. आणि घरून येणारी पत्रं आखूड व्हायला लागली, तर फोन करा.

अजूनही एखाद्या दुपारी बाई स्टुलावर चढून मला खाली काढतात आणि मांडीवर घेतात. दहाही बोटं चालू लागतात. माझी वायर फरशीवर लोळत असते, कशालाच जोडलेली नसते. मी एकेक अक्षर नीट घेतो.