चित्र, बटण आणि मधले दोन सेकंद

माझा प्रबंध बुडाला.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. सगळं सुरळीत चालू आहे. प्रबंध तीस तारखेला द्यायचाय आणि आज फक्त सत्तावीस आहे. मुदतवाढ दोनदा घेऊन झाली, तिसरी मिळत नाही.

प्रयोग साधा होता. माणसाला स्कॅनरच्या नळकांड्यात आडवं करायचं, भीतीदायक चित्र दाखवायचं आणि दोन सेकंदांनी खूण दिसली की त्याने बटण दाबायचं. मेंदूचा कुठला कोपरा चित्राने जागा होतो आणि कुठला बटणाने, एवढंच शोधायचं. दोन सेकंद मीच ठरवले. दर वेळी दोनच. मला टापटीप आवडते. मार्गदर्शक सरांनी पाठही थोपटली होती. अशी बावीस माणसं झाली.

पण स्कॅनर मोजतो ते मेंदूतलं रक्त, आणि ते कचेरीतल्या कारकुनासारखं असतं. काम आलं की पाच-सहा सेकंदांनी हलतं, मग बराच वेळ हलतच राहतं. त्यामुळे चित्राची लाट आणि बटणाची लाट एकमेकींत मिसळल्या. गणितात रकाने दोन, एक चित्राचा, एक बटणाचा, पण जुळ्यांसारखे. संगणक म्हणाला, चित्राचा परिणाम अधिक एकोणीस, बटणाचा उणे अठरा. सातव्या क्रमांकाच्या बाईंना वगळून पाहिलं, तर नेमकं उलटं. बाई स्वभावाने गरीब होत्या. त्यांचा एवढा वट असेल असं वाटलं नव्हतं.

लॅपटॉप घेऊन आकडेवारीवाल्या ताईंकडे गेलो.

"कोणी काय केलं तेच कळत नाहीये."

"कळणारच नाही. दोघं कधी वेगळे फिरलेत का?"

"काही औषध?"

"प्रयोगाआधी होतं. मधला वेळ कमीजास्त ठेवायचा. तेव्हा का नाही विचारलंस?"

"तुम्ही जेवायला गेला होतात."

"दीड वर्षं?"

सर मागून म्हणाले, "बटणाचा रकाना काढून टाक. मिटलं."

काढला. पडद्यावर मेंदूतला भीतीचा कोपरा लालभडक झाला. पाच मिनिटं मी डॉक्टर होतो. आईला फोनही केला. ती म्हणाली, "झालं ना एकदाचं? आता झोप जरा."

ताईंनी खांद्यावरून डोकावून पाहिलं. "दोन भावांनी मिळून कपाट उचललं. धाकट्याचं नाव खोडलं म्हणून थोरला पैलवान झाला का?"

मला झोप हवी होती, पैलवान नको होता. तरी रकाना परत ठेवला. लाल कोपरा विझला. आईला पुन्हा फोन केला नाही. अर्ज लिहायला बसलो.

"मा. प्रबंध समिती यांस सविनय सादर. सदर प्रयोगात चित्र व बटण यांमधील अंतर कधी दोन, कधी पाच, तर कधी नऊ सेकंद होते, असे पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करण्यात यावे. तसेच संबंधित बावीस मेंदूंना त्याप्रमाणे कळवून सुधारित रक्तपुरवठा तीस तारखेपूर्वी मागवून घ्यावा, ही विनंती."