बारावा सुरुंग

पाळी गावच्या खाणीवर मी आणि धाकू सोळा वर्षं सुरुंग उडवत होतो. खडकात भोकं पाडून दारू ठासायची, वाती पेटवायच्या, आडोशाला पळायचं आणि आवाज मोजायचे. भोकं बारा, तर आवाजही बारा झाले पाहिजेत. एक जरी कमी वाटला, तर अर्धा तास जागचं हलायचं नाही. मोजायचं दोघांनी, आपापल्या मनात. धूर बसला की धाकू विचारायचा, "किती?" आधी मी सांगायचं, मग तो. त्याचा डावा कान त्या धडाक्यांनी कामातून गेला होता, म्हणून माझ्या कानांवर त्याचा भारी भरवसा.

धाकू दोडामार्गाकडचा, हसतमुख. मी इथलाच, आणि राग माझ्या नाकावर. माझ्याशी कुणाचं पटत नसे, त्याचं मात्र पटलं. मी कुणावर खेकसलो की तो माझ्या डब्यातली सुक्या बांगड्याची किसमूर खुशाल उचलायचा. "ह्या तिखटानच तुजां डोक्यां फिरता," म्हणायचा. पन्नाशीला आलो मी. असा माणूस आता मला मिळायचा नाही.

सुरुंगात तो गेल्यापासून दर रविवारी मी त्याच्या खोलीवर जायचो. त्याची बायको आनंदी चहा आणि उंडो पाव पुढे ठेवायची, आणि आम्ही धाकूविषयी बोलत बसायचो. खाणीवरचा धाकू मी सांगायचो, घरातला ती. तो नारळ सोलताना कसा शिव्या घालायचा, हे सांगताना ती एकदा खळखळून हसली होती. तिच्याकडे दुसरं कुणी येत नसे. खाणीच्या अपघाताच्या कागदावर लिहिलं होतं, आवाजांची मोजणी मृताकडूनच चुकली. साक्षीदार म्हणून खाली माझी सही होती.

सहाव्या रविवारी तिनं चहा ठेवला आणि ती उभीच राहिली.

"भावजी, एक सांगू? कोणाक सांगू नकात. त्या दिवशी सकाळी मी त्येंच्याशी भांडलंय. गावच्या घराच्या कौलांवरसून. ते न जेवताच गेले. त्येंचां ध्यान थाऱ्यार नव्हतां, म्हणान मोजणी चुकली. मियांच त्येंका मारलंय."

मी कप खाली ठेवला. गप्प बसलो असतो तर पुढच्या रविवारीही चहा मिळाला असता. पण ती बाई जन्मभर ते ओझं वाहणार होती, आणि ते माझं होतं.

"वैनी, धाकूची मोजणी चुकली नव्हती," मी म्हणालो. "त्यानं बरोबर अकरा मोजले होते."

मग सगळंच सांगितलं. त्या दिवशी एक ट्रकवाला लाल बावटा न जुमानता आत घुसला, आणि सुरुंग उडत असताना मी त्याच्या आईबापाचा उद्धार करत होतो. एकही आवाज मी मोजला नाही. धाकूनं विचारलं, "किती?" मोजले नाहीत, एवढं बोलायला मला काय झालं होतं? पण सोळा वर्षांत मी कधी चुकलो नव्हतो, ही माझी मिजास. भोकं बारा होती, म्हणून म्हणालो, "बारा." धाकू थोडा घुटमळला. "माका अकराच आयकूक इले. दोन एकदम गेले आसतले," असं म्हणून तो पुढे गेला. बारावा त्याच्या पायाखाली उडाला.

आनंदी माझ्यासमोर खाली बसली.

"म्हणजे माझ्यामुळां नाय?"

"नाय, वैनी."

"भांडणामुळां नाय?"

"नाय. आडोशाला बसून तो हसत होता. म्हणाला, सांजेक जाताना तिका केसांत माळूक मोगऱ्याचो वळेसार घेवन जातंय."

तेव्हा ती रडली. इतक्या आठवड्यांत ती अशी रडलेली मी पाहिली नव्हती. मीही रडलो. मला वाटलं, आता ती मला शिव्या देईल. शिव्या मला हव्या होत्या. पण तिनं पदरानं तोंड पुसलं आणि दार उघडलं.

"आता तुमी येव नकात, भावजी," ती म्हणाली. "तुमचां त्वांड बघूक माका जमाचां नाय. पण त्येंच्याबद्दल बोलूक माका तुमच्याशिवाय कोणच नाय हो."