वहीवरचं कुंकू

मी नांदेडला झेक संगीताच्या इतिहासावर पीएचडी करून राहिले, हे ऐकलं की लोक हसतात. मुरुडच्या बँडवाल्याच्या पोरीला त्या देशाशी काय करायचंय, म्हणतात. मला त्यांचा लई राग येतो. संबंध आमच्याच घरात आहे, लोखंडी पेटीत, लाल फडक्यात बांधून ठेवलेला.

ती माझ्या पणज्याची, व्यंकटची, वही. तो निजामाच्या वेळेस हैदराबादेत एका बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. बँडमास्तर झेक होता. वहीच्या पहिल्याच पानावर पोल्का या झेक नाचाच्या ठेक्यातली एक चाल नोटेशनमध्ये लिहिलीय आणि खाली, 'ही चाल माझी. व्यंकट, मुरुड.' तीच चाल झेक देशातल्या एका लहानशा गावच्या अभिलेखागारात निघाली. तारीख १९३१ आणि संगीतकार म्हणून नाव बँडमास्तरचं.

मी तिथलं काम बघणाऱ्या हानाबाईंना मेल केला, नाव चुकलंय म्हणून. सोबत त्या पानाचा दिवाळीत घाईघाईत काढलेला फोटो जोडला. बाईंचं उत्तर सरळ होतं. वहीवर तारीख नाही, ती १९३१च्या आधीची आहे हे दाखवा. महिनाअखेरीस आमची सूची कायम होते. आणि फोटो स्वच्छ पाठवा, लाल डागांमुळे सूर दिसत नाहीत.

झोंबलं मला. पण बाईचं खरं होतं. पणजा म्हणतो म्हणून कोण मानणार? तरी त्याचं नाव लावून घेतल्याशिवाय मी काही गप्प बसणार नव्हते. शनिवारी सकाळच्या एसटीनं मुरुड गाठलं.

आबा, माझे वडील, अंगणात दाढी करत होते. मी पेटी उघडली, वही काढली आणि ओल्या कापसानं पहिला डाग पुसला. दुसऱ्याला हात लावणार तोच आबांनी मनगट धरलं. तोंडाला फेस तसाच.

"काय करून राहिलीस, अयोध्या?"

"घाण काढून राहिले, आबा. सूर दिसत न्हाईत."

"घाण? लई शिकलीस की गं. खंडेनवमीचं कुंकू हाय ते. वाद्यांची पूजा झाली की वहीला एक बोट लावायचं. माझ्या आज्यापासनं चालत आलंय."

ही पूजा बँडातले गडी करायचे. आम्हा पोरींना कुणी जवळ फिरकू देत नव्हतं. मला कुठून ठाऊक असणार?

"दर साली एकच बोट?"

"हाव. एकच."

मी वही मांडीवर घेतली. टिपक्यांच्या ओळीत मध्येच एक जागा मोकळी होती.

"हे काय?"

"पोलीस ॲक्शनचं साल. रझाकाराच्या भीतीनं घरदार बार्शीला गेलेलं. पूजा झाली न्हाई, म्हणून जागा सोडली."

पोलीस ॲक्शन म्हणजे १९४८. तिथून मी मागं मोजत गेले. एकोणीस टिपके आणि मी पुसलेला एक, वीस. म्हणजे पहिलं बोट १९२८ सालचं. कुंकू शाईच्या वर होतं, म्हणजे चाल त्याच्याही आधी लिहिलेली.

मग मला रडूच कोसळलं. पुरावा मी माझ्याच हातानं पुसत होते.

"आता रडून काय व्हतंय? त्या बाईला सगळं सांग," आबा म्हणाले.

"मी पुसलं हे बी?"

"मग? लपवून कुणाचं नाव लागतंय का?"

त्याच दुपारी मी हानाबाईंना सगळं लिहिलं. पहिला टिपका माझ्या हातून गेला, तुम्हाला नको असलेल्या फोटोत तो आहे, तेव्हा तो फोटो जपून ठेवा. बाईंनी तीनदा खोदून खोदून विचारलं. मी तिन्ही वेळा न चिडता उत्तर दिलं, माझ्या स्वभावाला हे सोपं नव्हतं.

महिनाअखेरीस सूची आली. संगीतकार: व्यंकट, मुरुड. बँडमास्तरचं नाव आता उतरवून घेणारा म्हणून खाली होतं. आबांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग आत जाऊन बराच वेळ क्लॅरिनेट पुसत बसले.

खंडेनवमीला पूजा झाल्यावर त्यांनी सगळ्या गड्यांसमोर कुंकवाची वाटी माझ्यापुढं धरली.

"अयोध्या, यंदाचं बोट तुझं."

माझा हात आपोआप पहिल्या पानावर, मी पुसलेल्या जागेकडं गेला. आबांनी तो तिथंच थांबवला.

"तिथं न्हाई. तिथं लावलंस तर वही खोटी व्हईल."

मग मी पान उलटलं आणि यंदाच्या जागी बोट लावलं.