फलकामागचा दिवा

मी एक जुनी शिडी आहे. लाकडाची, खालची पायरी सुतळीने बांधलेली. मित्रांनो, पाय थरथरतात आता, म्हणून सजवून सांगत बसत नाही.

सुताराने मला घडवलं, वायरमनने घेतलं. तो मला गल्लीच्या तोंडाशी ठेवायचा, कुलूप न लावता. ज्याला हवी त्याने न्यावी. माझ्यावर किती जण चढले! कोण कुठल्या देवाला मानतो, ते तळपायांवरून मला कधी कळलं नाही. वजन तेवढं कळायचं.

मग निवडणूक आली. वायरमन उभा राहिला. त्याला दिव्यांचं कुणी विचारलं नाही. विचारलं, "तू प्रार्थनेला कधी दिसत नाहीस रे?"

"माझे दोन्ही हात तारांत असतात हो. जोडू कधी?"

सगळे हसले. शिंपीणमावशी तर पोट धरून हसली आणि मलाच टेकून शेजारणीला म्हणाली, "ज्याला देवाची भीती नाही, त्याला आपली काय असणार?"

वायरमन पडला. जो निवडून आला त्याच्या माणसांनी आभाराचा फलक माझ्यावरच चढून बांधला. त्यावर निवडून आलेल्याचा फोटो, डोळे मिटलेले, हात जोडलेले, बरोबर कोपऱ्यावरच्या दिव्यासमोर. दिवा चालू, गल्लीत अंधार! दिसत सगळ्यांना होतं, पण प्रार्थनेच्या फोटोला हात कोण लावणार? वायरमन फलक उतरवायला निघाला तर गल्लीतले लोक ओरडले, "तुला काय, तुला देवच नाही!" तो मला तिथेच ठेवून परत गेला. मी भिंतीकडेला भिजत पडले.

परवा संध्याकाळी त्याच अंधारात मावशी उघड्या गटारात पडली. पाय मोडला.

आज वायरमनने मला उचललं. "खालून कुणी धरतं का? पायरी हलतेय." खिडक्यांचे पडदे पटापट ओढले गेले. मावशी प्लास्टरचा पाय पसरून दारात बसली होती. म्हणाली, "खुर्ची सरकव माझी. मी धरते."

"मावशी, देव कोपला तर?"

"चढ मेल्या. त्यालाही फलकाखालचं दिसत नसेल."

फलक उतरला. गटारापर्यंत उजेड पडला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मत द्याल. मागायला आलेल्याचा देव त्याच्या घरी राहू द्या. त्याला कोपऱ्यावरच्या दिव्याचं विचारा. आणि माझी खालची पायरी तेवढी बदला. एका मोडक्या म्हातारीच्या दोन हातांवर मी किती दिवस उभी राहू?