बिनआवाजाचं खोकं

"आता?" त्यानं विचारलं.

ती पाठमोरी बसून मटार सोलत होती. आवाज आला की तिनं बोट वर करायचं, असं ठरलेलं; बोट काही वर झालं नाही.

"अगं, आता? दाबलं मी."

तिनं मान वळवली. "काय म्हणालात?"

"दाबलं होतं. ऐकू आलं का?"

"दाबलंत? कधी? छे हो, चकार नाही. मांजर जरी चाललं असतं तरी जास्त आवाज झाला असता." आणि मग तिची गाडी नेहमीसारखी सुटली: मांजर, मांजराच्या मालकीणबाई, मालकीणबाईंच्या जावेचा गुडघा. तो खोक्याकडे बघत आनंदानं मान डोलवत राहिला. सकाळपासून हे बारावं दाबणं, आणि बाराच्या बारा वेळा बोट खालीच.

शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस तो. गल्लीत त्याचं नाव खटपट्या, आणि हे नाव त्यानं बिरुदासारखं मिरवलं होतं. मशीनचं पोट उघडून त्यातला गुंता काढण्यात तीस वर्षं गेली. उरलेला जीव फोटोत. तेही साधेसुधे फोटो नाहीत. वाद्य वाजवणाऱ्या माणसांचे फोटो, तेही अंधुक उजेडात. लग्नातल्यासारखं समोर उभं करून, दिवे पाजळून काढलेला फोटो त्याच्या लेखी फोटोच नव्हता.

अंधुक उजेडात हात स्थिर हवा, म्हणून त्यानं कॅमेऱ्याच्या बुडाला बोल्ट लावून त्याला दोरी बांधली होती. दोरीचं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून ताणून धरायचा, की तो गाडलेल्या खांबासारखा उभा. मांडीवर ठेवायला तांदूळ भरलेली पिशवी. बटण दाबताना धक्का बसू नये म्हणून सायकलच्या ब्रेकची तार. आवाज न करणारे नवे कॅमेरे मिळतात, हे त्याला कुणी ना कुणी ऐकवायचंच. "मिळतात ना," तो म्हणायचा. "आयतं जेवणही मिळतं. म्हणून काय घरची चूल मोडायची?"

पण या सगळ्या खटपटीच्या मुळाशी एक अडचण होती आणि ती कुठल्याच दोरीनं सुटत नव्हती. एका दिव्याच्या उजेडात फोटो यायचा तर कॅमेऱ्याचा डोळा निदान अर्धा सेकंद उघडा राहायला हवा. वाजवणं रंगात आलं की हात भिंगरीसारखे फिरतात. फोटोत नुसती धुळवड. हात थांबतात ते दोन सुरांच्या मधे. पण तेव्हा आवाजही थांबलेला असतो. सभागृहात टाचणी पडली तरी कळेल अशी शांतता, आणि नेमका त्याच वेळी त्याचा जुना कॅमेरा दाराची कडी पडावी तसा वाजायचा.

म्हणून हे खोकं. पातळ फळ्यांचं, आतून तिच्या जुन्या लोकरी कोटाचे तुकडे, कडांना रबर, हात घालायला कोटाचीच बाही. आवाज बाहेर येतो की नाही, हे त्याला स्वतःला कळणं शक्य नव्हतं. खोकं गालाला टेकलेलं; ठोका गालाच्या हाडातूनच कानात जायचा. म्हणून कान बायकोचे. पहिल्या आठवड्यात तिचं बोट दर वेळी वर व्हायचं, मग अधूनमधून, मग क्वचित. शेवटची पट्टी आज सकाळी तिनं स्वतःच्या हातानं शिवली होती.

"झालं एकदाचं," ती दोरा दातानं तोडत म्हणाली होती. "आता माझा कोट सार्थकी लागला. थंडीत मी काय, खोकं पांघरते."

* * *

कार्यक्रम दुपारी चारचा. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ऐंशी खुर्च्या, जाड पडदे ओढलेले, आणि व्यासपीठावर एकच दिवा. व्हायोलिनच्या बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, जास्त उजेड त्यांना सोसत नव्हता. आजचं त्यांचं शेवटचं वादन. सोबतीला त्यांची शिष्या, म्हणजे खटपट्याची लेक. आणि आज कार्यक्रम संपल्यावर बाई सांगणार होत्या, चाळीस वर्षं चालवलेला वर्ग आता कुणाच्या हाती द्यायचा ते. सगळ्यांना अंदाज होता. पण अंदाजाला कोण विचारतं? तोंडातून शब्द यायला हवा.

जिन्यात लेकीनं त्याला गाठलं. हातात व्हायोलिनची पेटी, आणि बोटं बर्फ.

"बाबा, नको ना आणूस ते."

"अगं, बाईंनी परवानगी दिलीय."

"आवाज होणार नाही म्हणालास म्हणून दिलीय. मागच्या वेळी एकानं गोळीचा कागद उलगडला, तर बाई अर्ध्यात उठून गेल्या होत्या. माहितीय ना तुला?"

"बारा वेळा बघितलंय. आईला विचार."

लेक आईकडे वळली. आईचे डोळे तिच्या ओठांवर होते. "चकार नाही," आई म्हणाली. "तू निर्धास्त वाजव. आणि ओढणी नीट घे, खांद्यावरून घसरतेय."

लेकीनं ओढणी घेतली. आईनं सांगितलंय म्हटल्यावर तिचा खांदा जरा सैल झाला. ते बघून त्याला वाटलं, बस्स, आता एकच फोटो. दोघींचा, एका दिव्यात.

तिसऱ्या रांगेच्या टोकाला दोघं बसली. त्यानं दोरी बुटाखाली घेतली, खोकं तांदळाच्या पिशवीवर टेकवलं, हात बाहीत घातला आणि वाकून मागच्या भोकाला डोळा लावला. बाजूच्या गृहस्थांनी, मांडीवर कुणाचं मूल तर नाही ना, असं बघून घेतलं.

वादन सुरू झालं. पहिली वीस मिनिटं त्यानं बोट लावलं नाही. दोन्ही गज एकामागून एक धावत होते. फोटो काढायची सोय नव्हती. मग हळूहळू सूर विलंबित होत गेला. बाईंचा गज इतका सावकाश चालला, की ती वर्षानुवर्षांची सवय होती की आता उरलेलं बळच तेवढं, ते कळेना. खोक्याच्या भोकातून त्याला दोन चेहरे दिसत होते. एक सुरकुतलेला, डोळे मिटलेला. आणि दुसरा, त्याच्याच नाकाचा, त्या मिटलेल्या डोळ्यांकडे एकटक बघणारा. लेक बाईंच्या श्वासाची वाट बघत होती.

त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ उतरला. दोरी ताठ. श्वास रोखलेला.

सूर संपला. दोन्ही गज तारांपासून बोटभर वर उचललेले. सभागृहात काहीच उरलं नाही.

त्यानं तार ओढली.

गालाच्या हाडात नेहमीचा ठोका बसला. आणि पुढच्या दोन रांगांतली डोकी एकदम वळली, वाऱ्यानं शेत वळावं तशी. लेकीचा गज थरथरला. बाईंनी डोळे उघडले.

कुणी हललं नाही. त्या मेल्या शांततेत बायकोनं त्याच्या दंडाला कोपरानं ढोसलं आणि स्वतःच्या समजुतीनं अगदी कानात, पण सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, काढा ना! हात थांबलेत बघा दोघींचे!"

कुणीतरी फिसकन हसलं. बाकीचे चिडून बघत होते. आणि ती एका तोंडावरून दुसऱ्या तोंडाकडे भराभर बघत होती, कुठल्या दारावर थाप पडली ते शोधावं तशी. मग तीही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

खटपट्यानं खोक्यावरून डोळे काढून तिच्याकडे बघितलं.

फोन वाजला की "तुम्हीच घ्या, माझे हात ओले आहेत" म्हणणारी. टीव्हीवर बातम्या नकोत, चित्रं पुरे, म्हणणारी. आणि दिवसभर बोलणारी, सतत बोलणारी. बोलणाऱ्या माणसाला कोण विचारतं, ऐकू येतं का म्हणून? खोक्यात एकेक पट्टी वाढत गेली, तिचं बोट एकेक वेळा कमी होत गेलं, आणि तो आपल्या कारागिरीवर खूश होत राहिला.

"कोण आहे ते?" बाईंनी विचारलं.

तो उठला. दोरी पायात अडकून पुन्हा बसता बसता राहिला.

"तुम्ही मला शब्द दिला होतात."

"हो." लेकीकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. बायकोकडे तर त्याहून नाही. "चूक माझी आहे. मी बाहेर जातो. पण तुम्ही वाजवा. तिचा यात काही संबंध नाही."

ही 'ती' कुठली, ते त्यानं सांगितलं नाही. बाईंनी लेक समजली असावी.

बायको उठायला लागली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं, आणि व्यासपीठाकडे बोट दाखवलं. बघ.

* * *

वाचनालयामागच्या अंगणात कुणी नव्हतं. त्यानं खोकं ओट्यावर ठेवलं, कॅमेऱ्याचं दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढणारं बटण फिरवलं, आणि दहा पावलं चालत जाऊन पाठ करून उभा राहिला.

खटक.

स्वच्छ. शेजारच्या भिंतीवरचं कबूतर उडालं.

इतकं सोपं होतं. हे बटण कॅमेऱ्यावर पहिल्या दिवसापासून होतं; महिनाभरात एकदाही आठवलं नव्हतं. घरात हक्काचे कान असताना कुणाला आठवेल? तो ओट्यावर बसला. डोक्यात एकच हिशेब घोळत होता: पहिल्या आठवड्यात तरी तिला खरंच ऐकू येत होतं, की तेव्हाही ती अंदाजानंच बोट वर करत होती?

वर पुन्हा व्हायोलिन सुरू झालं. आधी एकच, मग बऱ्याच वेळानं दुसरं. तो जिना चढून बंद दाराशी उभा राहिला. दिसत काही नव्हतं. पण लेकीचा सूर त्याला कळत होता. आधी भ्यालेला, मग रागावलेला, आणि शेवटी शेवटी फक्त सूर.

टाळ्या झाल्या. माणसं बाहेर पडू लागली, त्याला वळसा घालून. बाईंनी वर्गाचं नाव काढलं नव्हतं. "सोमवारी ये, बोलू," एवढंच लेकीला म्हणाल्या होत्या. हे त्याला लेकीच्या तोंडून कळलं, आणि त्या आधी तिच्या चेहऱ्यावरून.

"अकरा वर्षं, बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "अकरा वर्षं मी त्या एका शांततेची तयारी केली होती."

तो दोरी गुंडाळायला लागला.

"आणि आई, तू तरी! बारा वेळा म्हणालीस ना, चकार आवाज नाही म्हणून? अख्ख्या हॉलला ऐकू आलं आणि तुला—"

"आईचं बरोबर होतं," तो घाईघाईनं म्हणाला. "तेव्हा नव्हताच येत आवाज. निघायच्या आधी मी एक पट्टी काढली आतली. हात अडकत होता. आईला सांगितलं नाही."

लेक त्याच्याकडे बघत राहिली. "काढलीस? आजच्या दिवशी?"

"हो."

"तुला ना, तुझ्या त्या खटपटीपुढे माणसं दिसतच नाहीत."

"खरंय," तो म्हणाला.

ती पेटी उचलून बाईंना घरी सोडायला निघून गेली. जिन्यात तिच्या चपला बराच वेळ वाजत राहिल्या.

बायको भिंतीला टेकून उभी होती. एवढा वेळ तिचे डोळे त्याच्या ओठांवरून हलले नव्हते. पट्टी तिनं शिवली होती, दुहेरी दोऱ्यानं; ती जागच्या जागी आहे, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मग पुढे होऊन त्याच्या हातातलं खोकं स्वतःकडे घेतलं.

बसमध्ये गर्दी नव्हती. ती खिडकीशी बसली, खोकं मांडीवर. मांजर नाही, जाऊ नाही, कुणाचा गुडघा नाही. तीन थांबे गेले. ती बाहेर बघत होती, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होती.

उलट्या दिशेच्या बाकावर बसलं की खटपट्याला मळमळायचं, चार पावलं जायचं असलं तरी. तो तिच्या शेजारून उठला. बसच्या दांड्याला धरत समोरच्या उलट्या बाकावर जाऊन, चेहरा तिच्याकडे करून बसला. खिडकीतून येणारं ऊन त्याच्या तोंडावर पडेल एवढं पुढे सरकला. तिनं वर बघेपर्यंत थांबला.

मग त्यानं सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "कसं वाजवलं गं पोरीनं?"