अमोलच्या गाडीचा श्वास

इंदिरानगरातल्या त्या बंगल्याच्या फाटकाशी संध्याकाळी सहालाच पन्नासेक माणसं जमली होती. गॅरेजात अमोलची लाल स्पोर्ट्‌स कार उभी होती. मंत्रतंत्र करणाऱ्या झुंबरनाथ महाराजांनी चालू इंजिन बंद केलं आणि चावी उंच धरून सगळ्यांना दाखवली. तेवढ्यात गाडीच्या पोटातून आवाज आला, घूंऽऽऽ. थांबला. पुन्हा घूंऽऽऽ.

शुभांगी दोन पावलं मागे सरली. तिचा भाऊ अमोल दम्यानं गेला, त्याला दोन महिने झाले होते. शेवटी शेवटी तो असाच अडखळत श्वास ओढायचा. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता, तरी त्या गाडीकडे पाठ करून उभं राहायला ती घाबरायची.

"आत्मा रेडिएटरात अडकलाय!" महाराज गरजले. "इंजिन बदललं, पण जीव जुनाच!" त्यांनी मंत्र पुटपुटायला सुरुवात केली. दोनेक मिनिटांनी आवाज थांबला आणि लोकांनी हात जोडले.

"तो बोलेल का हो माझ्याशी?" शुभांगीच्या आईनं, सिंधुबाईंनी विचारलं.

"उद्या अमावास्या. शटर ओढून घ्या, गाडी चालू ठेवा, आत एकट्या बसा. तासाभरात लेक भेटेल."

"आई, अगं धुरानं गुदमरशील!"

"गुदमरू दे," सिंधुबाई शांतपणे म्हणाल्या. "तोही गुदमरलाच ना?"

शुभांगीनं गंगापूर रोडला राहणाऱ्या आफियाला फोन लावला. आफिया तंत्रनिकेतनात शिकवायची. मोठं इंजिन बसवून ही गाडी तिनं आणि अमोलनं मिळून उभी केली होती.

"सकाळी, थंड असताना येतो का आवाज?" आफियानं विचारलं.

"नाही. चालवल्यावरच."

"मी येते. तोवर शटर ओढू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सिंधुबाई नवी साडी नेसून गाडीत बसल्या होत्या. शुभांगी शटरखाली वाट अडवून उभी राहिली होती. गर्दीला आवाज ऐकवायला इंजिन बंद करून महाराज तिला शाप देत होते आणि गाडी हुंकारत होती. गर्दीतून आफिया पुढे आली.

"महाराज, हा आवाज आत्ता, या क्षणी थांबवा."

"मंत्राला वेळ लागतो, बाई!"

"मला नाही लागत." तिनं बॉनेट उघडून एक वायर काढली. आवाज तिथल्या तिथं थांबला. वायर जोडली, तशी पुन्हा घूंऽऽऽ.

"काकू, मोठं इंजिन बसवल्यावर त्याच्या पुढच्या पाण्याच्या पंपाला जागाच उरेना. म्हणून आम्ही हा विजेवरचा पंप लावला. चावी काढली तरी इंजिन तापलेलं असतं. ते निवेपर्यंत हा थांबून थांबून पाणी फिरवतो, मग आपोआप बंद होतो. महाराज तेवढा वेळ मंत्र लांबवतात, एवढंच."

महाराजांनी झोळी उचलली. गर्दीनं त्यांना वाट दिली.

सिंधुबाई खाली उतरल्या. "म्हणजे तो आत नाही?"

"नाही, काकू."

त्यांनी वाकून पंपाकडे पाहिलं. मग शुभांगीला मिठी मारून त्या पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या. इतके दिवस लेक परत येईल म्हणून आवरून धरलेलं ते रडणं होतं.

आवाज खरा होता, आईचं दुःखही खरं होतं. खोटं होतं ते महाराजांनी सांगितलेलं कारण, आणि तेवढ्यानं एका बाईचा जीव जाणार होता. आपलं माणूस गेल्यावर मन कशावरही विश्वास ठेवू बघतं. तेव्हाच कुणीतरी जवळच्यानं विचारायला हवं, आवाज येतोय कुठून? आणि उत्तर मिळेपर्यंत शटर ओढू देऊ नये.