थेंबाथेंबानं ओलं झालेलं बाळोतं

मी एक जुनं बाळोतं आहे. मित्रांनो, आमची जातच जन्मतः जुनी. कंधारजवळच्या एका गावात तारामती आजीनं आपलं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं टराटरा फाडलं आणि मी झालो. नवं कापड तान्ह्याला टोचतं ना! आजीची सून सुकन्या. तिच्या आनंदराजला मी पहिल्या दिवसापासून गुंडाळलं.

ओलं होणं हे माझं काम. मी लुगडं होतो तेव्हा आजीची लेकरं माझ्यावर मुतलेली. धार कशी असते ते मला ठाऊक. आनंदराजचं तसं नव्हतं. थेंब, थेंब आणि थेंबच. मी कधी चिंब झालो नाही, कधी कोरडाही राहिलो नाही.

बारशाला बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरलं. शेजारची महादेवी म्हणाली, "लई शहाणं हाय गं पोरगं! एकीचंबी लुगडं भिजवलं न्हाई."

"हाव, सायेब होणार हाय माझा नातू!" आजी खुलली.

सगळ्या हसल्या. सुकन्या तेवढी हसली नाही. "आत्याबाई, ह्याची धार म्या अजून बघितलीच न्हाई."

"अगं, मुतून राहिलंय की चांगलं! हे बघ. आपल्याच लेकराला नजर लावू नको."

आजीनं मला उचलून दाखवलं. मी ओला होतो, मित्रांनो. खोटं न बोलता मी एका आईला गप्प केलं.

पुढं बाळाचं पोट टम्म दिसू लागलं. ते कुंथायचं, लालबुंद व्हायचं. आजीनं बेंबीला हिंग लावला. ताप आला, गेला, फिरून आला. दूध ओकू लागलं. एका सकाळी त्यानं रडणंही सोडलं, तेव्हा त्याचा बाप वैजनाथ मायलेकरांना आणि आजीला घेऊन नांदेडला धावला.

डॉक्टरीणबाईंनी मला सोडलं, पोट चाचपलं. "लघवीची धार कशी पडते?"

"पडतच न्हाई, म्याडम. बाळोतं तेवढं ओलं व्हतं," सुकन्या म्हणाली.

सोनोग्राफी झाल्यावर बाई म्हणाल्या, "काही मुलांच्या लघवीच्या वाटेत जन्मतःच पातळ पडदा असतो. लघवी मागं तुंबते, किडन्यांवर दाब येतो. पाझरलं तेवढंच तुम्हाला दिसलं."

आधी नळी घातली. ताप उतरल्यावर दुर्बिणीनं पडदा कापला. नळी काढली तशी धार उडाली, थेट नर्सबाईंच्या अंगावर! आजी रडता रडता हसली. मी पहिल्यांदा चिंब झालो. वाटलं, सुटलं लेकरू.

सुटलं नव्हतं.

"वाट मोकळी झाली," बाई सुकन्याला म्हणाल्या, "पण एक किडनी गेलीच. दुसरीही नीट गाळत नाही. आता लघवी भरपूर होईल, पण नुसतं पाणी. घाण रक्तातच राहील."

"मग माझी काढून घाला."

"आधी मोठा होऊ द्या त्याला."

"व्हईल का मोठा?"

बाईंनी पुढच्या तपासणीची तारीख कागदावर लिहून दिली.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हा भाऊ आला तर आईला सांगा, आजीला सांगा. बाळोतं ओलं आहे एवढ्यावर विसंबू नका. त्याला उघडं ठेवा, धार बघा. थेंबच पडत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आम्हाला बोलता येत नाही.

वर्ष सरलं. आज सुकन्यानं माझ्या शेजारी झबली वाळत घातली. सहा महिन्यांच्या बाळाच्या मापाची. आनंदराजला ती अजून सैल होतात.